चारशे बारा पावलं

बाकवाले,

तुम्हाला 'प्रिय' किंवा 'आदरणीय' लिहिलं तर तुम्ही अवघडून जागेवरून उठाल. म्हणजे बसलेले असलात तर. सात वर्षांत मी तुम्हाला बसलेलं पाहिलेलं नाही, तेव्हा नुसतं बाकवाले.

क्लबला पंचवीस वर्षं होताहेत. त्यानिमित्त अंक निघतोय आणि त्यात 'आमचे जुने कर्मचारी' या सदरात तुमच्यावर दोन पानं लिहा, अशी मला विनंती झाली. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "आजी, जरा गोड लिहा हं." मी म्हटलं, "डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय." ते हसले. मी टेबलाशी बसले, दोनदा उठले, खिडकी उघडली, परत लावली. तुमच्याविषयी काही लिहिता येईना. तुमच्याशीच बोलावंसं वाटत होतं. म्हणून हे पत्र. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात येतील, कारण दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं. मध्येच "हे मला माहितेय, मावशी" असं म्हणू नका.

पहिल्या दिवसाचं आठवतंय? माझी नात नऊ वर्षांची होती. मुलींच्या संघात तिला गोलकीपर म्हणून घेतलं होतं, कारण बाकी सगळ्यांनी पळायचं ठरवलं होतं. सामना पाच नंबरच्या मैदानावर. आठ मैदानांचं एवढं मोठं संकुल, आणि पाच नंबर अगदी शेवटचं, कुंपणाला लागून. दुपारचे चार. बघायला आलेली माणसं रेघेच्या कडेला उभी, कुणी डोक्यावर पिशवी धरलेली, कुणी वर्तमानपत्र. मुलांच्या खेळासाठी हिरवळ कशी असावी याचा विचार झाला होता, जाळ्या परदेशी होत्या. त्यांना घेऊन येणारी माणसंही दोन तास कुठेतरी टेकणार आहेत, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझी पाठ धरलेली. मी मोठ्यानं म्हणाले, "इथे म्हाताऱ्यांनी यायचं नाही अशी पाटी तरी लावा!"

तेवढ्यात मागून खडखड करत एक बाक चालत आला. खरंच चालत आला असं वाटलं, कारण ओढणारा माणूस बाकापेक्षा बारीक होता. लाकडी फळ्या, लोखंडी पाय, खाली चार चाकं आणि पाठीला जुन्या पलंगाची जाळी. तुम्ही म्हणालात, "बसा मावशी. पण उजव्या टोकाला. डाव्या टोकाला वीस मिनिटांत ऊन येईल."

मी मुद्दाम डावीकडे बसले. विसाव्या मिनिटाला ऊन आलं.

मग बाकीचे एकेक करत ओढून आणलेत; असे नऊ बाक होते. एका शाळेनं भंगारात काढलेले तुम्ही मागून आणले होते आणि चाकं लावून, पाठी बसवून घेतले होते. पश्चिमेच्या कडेला झाडांची रांग, तिची सावली दुपारभर सरकत जायची, आणि तिच्याबरोबर तुम्ही बाक सरकवायचात. जमिनीवर चुन्याच्या बारीक खुणा होत्या. चारची खूण, साडेचारची, पाचची. नव्या माणसाला त्या खेळाच्या रेघा वाटायच्या. एकदा एका पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकानं पंचांशी वाद घातला, की चेंडू बाहेर गेलाय, ही काय रेघ! तुम्ही शांतपणे सांगितलंत, "साहेब, ती रेघ आज्यांची आहे."

आणि कुणाला कुठे बसवायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? घसा फाटेस्तोवर ओरडणारे ते दोन बाप. त्यांना तुम्ही कमी ऐकू येणाऱ्या आजोबांच्या शेजारी बसवायचात. आजोबा खूश, कारण त्यांना वाटायचं कुणीतरी आपल्याशी बोलतंय. वेगळे झालेले एक नवरा-बायको यायचे. एक पहिल्या बाकावर, एक नवव्यावर, आणि अर्ध्या खेळानंतर तुम्ही मुकाट त्यांच्या जागा बदलायचात. मी विचारलं, हे कशाला? म्हणालात, "पोरगं दुसऱ्या हाफमध्ये त्या बाजूला खेळतं ना. दोघांनाही जवळून दिसायला हवं."

हे सगळं तुम्ही सिनेमागृहात शिकला होतात. बावीस वर्षं हातात बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवल्यात, पडद्याकडे पाठ करून. तुमची बायको तिथेच खाली तिकिटाच्या खिडकीत. तिला सिनेमा दिसायचाच नाही आणि तुम्हाला सुरुवात चुकायची. मध्यंतरात जिन्याखाली उभं राहून तुम्ही तिला पाहिलेलं सांगायचात आणि दोघं मिळून सुरुवात काय असेल ते ठरवायचात. लग्न असंच जुळलं, असं ती मला म्हणाली. "बरेच सिनेमे आम्ही सुधारलेत, मावशी," असंही म्हणाली. सिनेमागृह बंद पडलं, तिथे दुकानं आली आणि तुम्ही मैदानावर आलात.

तुमची एकुलती एक मुलगी माझ्या नातीच्याच संघात. बचावफळीत उभी राहायची, गोलकीपरच्या पुढ्यात. माझी नात म्हणायची, "आजी, ती पुढे असली की मी जांभई देऊ शकते." तिचा खेळ सगळ्यांनी पाहिला होता. फक्त तिच्या आईनं नाही.

का नाही, ते स्पष्टच लिहिते. लोक या विषयाशी आले की खोकतात. तुमच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर तिला दर वीस-पंचवीस मिनिटांनी जावं लागायचं. गुडघेही गेलेले. आणि आठ मैदानांच्या त्या संकुलात प्रेक्षकांसाठी स्वच्छतागृह एकच, ऑफिसच्या मागे, फाटकाशी. पाच नंबरच्या बाकापासून चारशे बारा पावलं. तुमची पावलं. तिची किती झाली असती कोण जाणे. तिथे पुन्हा रांग. आम्ही बाकीच्या बायका काय करायचो? सकाळपासून पाणी पीत नसू. उन्हात दोन तास, ओठ कोरडे, आणि विचारलं तर "मला तहानच लागत नाही बाई." आठही मैदानांवर हे एकच खोटं चालायचं.

मी एकदा तुमच्या घरी आले होते, नातीचे राहिलेले हातमोजे न्यायला. दोन खोल्या. पलंगावर तुमची बायको उशीला टेकून, चादर ताठ ओढलेली आणि चादरीवर औषधाच्या बाटल्या मांडलेल्या. मला वाटलं, किती ही औषधं! तर तो सामना होता. कफाच्या औषधाची मोठी बाटली म्हणजे माझी नात, मलमाच्या डब्या समोरचा संघ. तुम्ही पलंगाशी ओणवे होऊन चेंडू म्हणून एक गोळी सरकवत होतात.

"मग ही पुढे आली आणि..."

"बाबा, मी तिथे नव्हते," मुलगी दारातून ओरडली. "मी डावीकडे होते. तुम्ही तेव्हा बाक ओढत होता, तुमची पाठ होती."

"बघा!" तुमची बायको मला म्हणाली. "तीस वर्षं झाली, हा माणूस मला पाठीमागे काय झालं तेच सांगतोय."

सगळे हसलो. मग तिनं ती गोळी उचलली आणि तोंडात टाकून पाण्याबरोबर गिळली. वेळ झाली होती. "सामना संपला," म्हणाली.

त्या वर्षी मुलगी सोळाची होणार होती. दूरच्या गावी खेळाच्या शाळेत तिची निवड झाली होती, राहणंही तिथेच. म्हणजे आपल्या मैदानावरचा तो तिचा शेवटचा हंगाम. तुमच्या मनात एकच होतं, आईनं एकदा तिला खेळताना पाहावं. बाटल्या नकोत, मुलगी दिसावी. तुम्ही हे मला एकदाच सांगितलंत, बाकाच्या चाकाला तेल घालता घालता. मान खाली घालून.

तोवर कमिटीला प्रेक्षकांचा पुळका आला होता. आधी पक्का स्टँड बांधला. इंजिनियर सकाळी दहाला आला, पूर्वेच्या बाजूला उभा राहिला, ऊन पाठीवर, म्हणाला, छान जागा. तुम्ही म्हणालात, "साहेब, सामने चारला असतात." सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही बाक बघा." स्टँड झाला. चार वाजता ऊन सरळ डोळ्यांत आणि खुर्च्या अशा तापलेल्या की बसलेला माणूस लगेच उभा. सावली पडायची ती स्टँडच्या मागे. लोक तिथे सावलीत जाऊन उभे राहायचे आणि भिंत बघत मुलांना प्रोत्साहन द्यायचे.

मग स्वच्छतागृह. त्यासाठी मी अकरा पत्रं लिहिली होती. क्लबमध्ये माझ्या नावाची फाइलच होती. आणि खरंच बांधलं त्यांनी, पाच नंबरच्या बाजूला, शेवटच्या बाकापासून पंधरा पावलांवर. पांढऱ्या फरशा, धरायला दांडी, नळाला पाणी, दोन दारं. हंगामाच्या मध्यावर तयार झालं. त्या दिवशी तुम्ही मला ते खिडकीच्या काचेतून दाखवलंत. काचेतून, कारण दारांना एकच मोठं कुलूप आणि त्यावर आडवी लाल फीत.

मी तशीच ऑफिसात गेले. "उघडत का नाही?"

"उद्घाटन व्हायचंय, आजी."

"मग करा."

"पाहुण्यांची तारीख मिळेना. दोनदा पुढे गेली."

"तोवर वापरू द्या ना लोकांना."

सेक्रेटरी दुखावले. "आजी, असं कसं? वापरलेल्या स्वच्छतागृहाचं उद्घाटन करायचं का पाहुण्यांच्या हस्ते?"

दोन महिने ते तसं उभं होतं. बायका त्याच्या सावलीत उभ्या राहायच्या आणि गरज पडली की चारशे बारा पावलं चालत जायच्या. मी तुम्हाला रोज टोचायचे. "तोडा ते कुलूप. नाव माझं सांगा." तुम्ही नुसतं हसायचात. बावीस वर्षांत तुम्ही तिकिटाशिवाय एका माणसाला आत सोडलं नव्हतंत, स्वतःच्या सासऱ्यांनाही नाही.

म्हणून त्या दुपारी तुम्ही रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलंत तेव्हा मला कळेचना. शेवटच्या सामन्याला तीन दिवस होते. आत टाकी गळत होती, प्लंबर येणार म्हणून सेक्रेटरींनी तेवढ्यापुरती किल्ली तुम्हाला दिली होती. पाचला परत करायची.

"मावशी, बाजारात तो किल्लीवाला बसतो ना... एक जोड करून आणाल? मला इथून हलता येत नाही, लहानांचे सामने आहेत." आणि मग, माझ्याकडे न बघता, "रविवारी तिला आणीन म्हणतो."

तुम्ही घामाघूम झाला होतात. मी म्हटलं, "द्या इकडे. एवढ्यासाठी चेहरा कशाला असा? तासाभरात येते."

पाचला दहा कमी असताना मी परत आले आणि किल्ली तुमच्या हातात दिली. एकच. "दुकान बंद होतं," मी म्हणाले.

"असू दे मावशी," तुम्ही म्हणालात. "उन्हात उगाच तुम्हाला हेलपाटा."

रविवारी तुम्ही तिला आणलंत. मला वाटलं होतं, आता नाही आणणार. पण मुलीला शब्द दिला होता. पाचवा बाक, बरोबर मध्यरेषेसमोर, पाठीला उशी, पायाखाली लाकडी खोका. तिनं निळे कपडे घातले होते, संघाचा रंग. मी शेजारी बसले. तिचे ओठ बघूनच कळलं, सकाळपासून पाण्याचा घोट नाही.

"मावशी, तुमची नात कुठली? ती उंच? बाटली अगदी शोभते हो तिला."

आणि मग तिची मुलगी मैदानात आली. आईनं माझं मनगट धरलं होतं, ते सोडेना. मुलगी घसरून चेंडू काढायची तेव्हा हिचा पाय खोक्यावर आपटायचा. एकदा मुलीनं आमच्याकडे बघून हात केला. "एवढी जोरात धावते?" ती म्हणाली. "हे मला कुणी सांगितलंच नाही. बाटल्या सरकवतात ते हळूहळू."

पंचविसाव्या मिनिटाला तिची पकड बदलली. मी विचारलं, "जायचंय?" ती म्हणाली, "हाफ होऊ दे." तिसाव्या मिनिटाला पुन्हा विचारलं. मान हलवली, डोळे मैदानावर. चौतिसाव्याला ती नुसती तुमच्याकडे बघायला लागली.

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, ते फक्त मी पाहिलं. तुम्ही त्या दाराशी गेलात आणि कडी ओढून पाहिलीत. कुलूप आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी दोनदा ओढलीत. लाल फीत थरथरली. मग परत आलात, पाचव्या बाकाची खीळ काढलीत आणि तिला बसल्या जागी बाकासकट ओढत निघालात. मी उठून मागून ढकलायला लागले. खडखड, खडखड, पाच नंबर, चार नंबर, तीन. लोक वाट देत होते, कुणी हसलंही असेल, आपल्याला कुठे बघायला वेळ. ती दोन्ही हातांनी बाकाची कड धरून मागे वळून मैदान बघत होती. दोन नंबरपाशी तिनं बघणं थांबवलं.

"थांबा," म्हणाली. "आता घाई नको."

फाटकाशी रांग होती. रांगेची गरज उरली नव्हती. मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. तुम्ही तिला त्याच फाटकानं घरी नेलंत. बाक तिथेच राहिला.

मी पाच नंबरवर परत गेले. कुणीतरी असायला हवं होतं. दुसरा हाफभर तुमची मुलगी चेंडू मारून झाला की रिकाम्या जागेकडे बघायची. चार बाक, मध्ये दातासारखी फट, पुढे चार बाक. सामना कुणी जिंकला ते माझ्या नातीला विचारा. मला आठवत नाही.

पुढचं तुम्हीच मला सांगितलंत, दोन दिवसांनी, पलीकडे बघत. त्या संध्याकाळी मुलगी घरी आली, बुटांसकट पलंगावर चढली, बाटल्या मांडल्या आणि आईला दुसरा हाफ सांगितला. एकेक पास. आई म्हणाली, "तू बरी सांगतेस. तुझे बाबा पाठ करून उभे असतात." तेवढं सांगताना तुम्ही हसलात. मला हसता आलं नाही.

तीन आठवड्यांनी पाहुणे आले. हंगाम संपलेला, मैदानं रिकामी. फीत कापली, टाळ्या वाजल्या. कात्रीचं तबक तुमच्या हातात होतं. पाहुण्यांनी नळ सोडून पाहिला आणि म्हणाले, "वा, पाणी आहे!" गर्दी पांगल्यावर तुम्ही माझ्यापाशी आलात. "मावशी, तुमचं स्वच्छतागृह उघडलं." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं. महिनाअखेर तुम्ही नोकरी सोडलीत आणि मुलीच्या शाळेजवळ बिऱ्हाड केलंत. तिथे शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडता, असं ऐकते.

इथे नवा माणूस आहे. तो बाक हलवत नाही. चुन्याच्या खुणा पावसात गेल्या. चाकं गंजली. मी अजून जाते, नात आता मोठ्यांच्या संघात आहे. पण एका जागी टिकत नाही मी. उजवीकडे बसते, डावीकडे बसते, उठते, त्या दारापर्यंत जाते. दिवसभर उघडं असतं. बायका आत जातात, बाहेर येतात, पाणी पितात.

आता ते एक राहिलेलं सांगते आणि उठते.

दुकान बंद नव्हतं, बाकवाले. मी तिथे गेले होते. किल्लीवाला एका कुलपात डोकं घालून बसला होता. म्हणाला, "दहा मिनिटं लागतील आजी, बसा." आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं, की आपण चोरासारखी किल्ली का करायची? आपला हक्क आहे. सरळ लिहून मागू, अशा शब्दांत की सेक्रेटरींना आजच्या आज उघडावं लागेल. मी त्याला म्हटलं, "अर्ध्या तासात येते," आणि घरी गेले. बारावं पत्र लिहिलं. पहिला मसुदा मवाळ वाटला, फाडला. दुसरा लांबला. तिसरा चांगला उतरला. त्यात अल्पविराम बघत होते तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते.

ते पत्र फाइलमध्ये आहे. चांगलं आहे, कुणी वाचलेलं नाही.

किल्लीवाला अजून तिथेच बसतो. परवा समोरून गेले तर त्यानं मान वर केली. "काय आजी, जोड करायची होती ना तुम्हाला? अर्ध्या तासात येते म्हणाला होतात."